वारा, पाणी आणि दिशाकाका

दिशाकाकांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या विजेच्या बिलावर उरलं आहे. बाकी नागपुरातल्या मनीषनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे त्यांना दिशाकाकाच म्हणतात. तोंडावर नुसतं ‘काका’, पाठीमागे ‘दिशाकाका’. त्यांची पाठ नेमकी कुठल्या दिशेला आहे, हे मात्र त्यांनाच विचारावं लागतं.

काका पाटबंधारे खात्यातून 2016 साली निवृत्त झाले. पाणी उताराकडे वाहतं, या एका तत्त्वावर त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली. त्या काळात पाणी कधी वर चढलं नाही आणि काकाही फारसे चढले नाहीत. मग फंडाच्या पैशातून इथे फ्लॅट घेतला. मनीषनगरचं रेल्वे फाटक ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको की, एकदा ते पडलं की गाडी बंद करून, हेल्मेट काढून, समोरच्या माणसाची कुंडली मांडण्याइतका वेळ मिळायचा. अशाच एका दुपारी पुढच्या कारच्या आरशाला लाल रिबिनीत बांधलेली भोकाची तीन नाणी लटकताना काकांना दिसली. त्यांनी खिडकीशी जाऊन चौकशी केली. पॅसेंजर गेली, मागून एक मालगाडी आली आणि तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत काकांची दीक्षा पूर्ण झाली होती.

“फेंगशुई नका म्हणू भाऊ, फंग श्वे म्हणा,” हे त्यांचं मला पहिलं वाक्य. “फंग म्हणजे वारा, श्वे म्हणजे पाणी. बस. सगळं शास्त्र या दोन शब्दांत आलं.”

सगळं शास्त्र दोन शब्दांत आलं असेलही, पण सामान काही त्यांच्या दहा बाय सोळाच्या हॉलमध्ये मावेना. दारासमोर हसणारा बुद्ध आला. नागपुरात बुद्ध म्हटलं की दीक्षाभूमी डोळ्यांपुढे येते, त्यामुळे हे पोट सुटलेले गृहस्थ कोण, असं आमच्या मुलीने भाबडेपणाने विचारलं. तिची शंका रास्त होती. ते गौतम बुद्ध नव्हेतच. दहाव्या शतकात पाठीवर गाठोडं टाकून हिंडणारे बुदाई नावाचे एक चिनी भिक्खू होते, त्यांची ती मूर्ती. काकांना हे माहीत होतं. पण गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर दुकानदाराचा माल खपणार नाही, असं त्यांचं मत. मग तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक आला. मग काचेच्या भांड्यात लकी बांबू.

बांबूवरून मात्र काकू बोलल्या. त्यांचं माहेर गडचिरोलीकडचं, बांबूच्या कोवळ्या कोंबांना तिकडे वास्ते म्हणतात.

“याला बांबू म्हणून राहिले का तुम्ही? याला वास्ते तरी निघतील का जी?”

आता वनस्पतीशास्त्र काकूंच्या बाजूचं आहे. लकी बांबू हा बांबू नाहीच. तो ड्रासिना जातीचा, मूळचा आफ्रिकेतला. म्हणजे आफ्रिकेचं झाड, चिनी शास्त्र, दुकान सीताबर्डीचं आणि त्याला रोज पाणी घालायचं काम गडचिरोलीच्या लेकीकडे.

पण खरी गंमत पाहुण्यांची. काकांकडे गेलं की आपण आपलं सोफ्यावर टेकावं, असं नाही. आधी दारातच जन्मसाल विचारलं जातं. पाहुणीलासुद्धा. सालाचे शेवटचे दोन आकडे एकमेकांत मिळवायचे, एक आकडा उरेपर्यंत मिळवत राहायचं. पुरुष असेल तर तो दहातून वजा, बाई असेल तर त्यात पाच मिळवायचे. हा झाला माणसाचा कुआ आकडा. त्यावरून त्याने कुठे तोंड करून बसायचं ते ठरतं. 2000 साली आणि त्यानंतर जन्मलेल्यांचा हिशेब जरा वेगळा असतो, म्हणून तरुण पाहुणे जास्त वेळ उभे राहतात. एकदा काकूंच्या भिशीच्या नऊ बायका आल्या. पैकी चौघींनी साल चुकीचं सांगितलं, दोघींनी सांगितलंच नाही आणि उरलेल्या तिघी शास्त्रशुद्ध पद्धतीने भिंतीकडे तोंड करून आलूबोंडे खात बसल्या.

खुद्द घरच्यांची बैठक तर गणितानेच पक्की झालेली. काका 1958 चे. पाच आणि आठ तेरा, एक आणि तीन चार, दहातून चार गेले सहा. सहाची सर्वोत्तम दिशा पश्चिम. योगायोगाने टीव्हीही पश्चिमेच्या भिंतीवर. काकू 1962 च्या. सहा आणि दोन आठ, आठ आणि पाच तेरा, म्हणजे चार. चार आकड्याच्या बाईसाठी पूर्व ही संसारातल्या गोडीची दिशा. त्यामुळे संसारात गोडी राहावी म्हणून काकू गेले आठ महिने टीव्हीकडे पाठ करून मालिका ऐकत होत्या. कुणाचं थोबाड फुटलं तेवढं काका समोरून सांगायचे.

“संसारात गोडी आली का हो काकू?” मी एकदा हळूच विचारलं.

“बाप्पा, रोज साडेसात ते दहा यांचंच तोंड पाहून राहिली ना मी,” काकू म्हणाल्या. होकार की नकार, ते मला अजून कळलेलं नाही.

भांडण खरं पेटलं ते कारंज्यावरून. चिनी हिशेबात आग्नेय ही पैशाची दिशा, तिचं तत्त्व लाकूड, आणि लाकूड वाढवायला पाणी हवं. म्हणून काकांनी आग्नेयेला विजेवर चालणारं छोटं कारंजं बसवलं. आपल्या वास्तुशास्त्रात आग्नेय अग्नीची. तिथे पाणी म्हणजे चुलीत घागर ओतणं. काकूंच्या भावाने फोनवरून हा निर्वाळा दिला आणि घरात भारत-चीन सीमावाद सुरू झाला. दिवसा कारंजं चालायचं, रात्री काकू त्याचं बटण बंद करायच्या. मला विचाराल तर दोन्ही पक्षांना त्याच्या आवाजाने सारखं उठून न्हाणीघरात जावं लागत होतं, एवढाच त्याचा अनुभवसिद्ध परिणाम.

हे सगळं चालून गेलं असतं. पण मे उजाडला.

नागपूरच्या मेबद्दल बाहेरच्यांना सांगण्यात अर्थ नसतो आणि इथल्यांना गरज नसते. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की माणसाचं एकच दैवत, खिडकीतला कूलर. आता कूलरचं शास्त्र साधं आहे. ओल्या ताट्यांतून हवा आत येते, पण आत आलेल्या दमट हवेला समोरून बाहेर जायला वाट लागते. ती नसेल तर तासाभरात खोलीचं दमट गोदाम होतं. काकांच्या हॉलमध्ये कूलरची खिडकी आणि घराचं दार अगदी समोरासमोर, म्हणजे कूलरवाल्याच्या दृष्टीने स्वर्ग. पण फंग श्वेमध्ये हाच मोठा दोष. दारातून आलेली ऊर्जा सरळ खिडकीतून पळून जाते म्हणे. काकांनी दार लावून घेतलं आणि त्यापुढे लाकडी पार्टिशन उभं केलं.

तिसऱ्या दिवशी डब्यातले पापड मऊ पडले. पाचव्या दिवशी सोफ्याची खोळ अंगाला चिकटायला लागली. कूलरच्या झोतात टांगलेली पितळी घंट्यांची माळ रात्रभर वाजायची ती वेगळीच. बिल्डिंगमध्ये दोघांनी आरतीची वेळ विचारली.

“अहो, तुमच्या उत्तरेच्या खिडकीतून संध्याकाळी ऊन येऊन राहिलं,” काकू म्हणाल्या. कूलर त्याच खिडकीत होता.

“उत्तरायण चालू आहे,” काका म्हणाले. “सूर्य सरकतो.”

इंजिनिअर माणूस. उत्तर चुकीचं नव्हतं, फक्त अपुरं होतं.

उलगडा केला त्यांच्या नातीने. सुट्टीत आली होती. गेम खेळून आजोबांचा फोन तापला, म्हणून तिने तो पाकिटासारख्या कव्हरमधून बाहेर काढला आणि सहज होकायंत्र उघडलं. उत्तर भलतीकडेच. कव्हरमध्ये घातला की काकांची उत्तर, काढला की दुसरी. त्या कव्हरच्या झाकणात ते बंद राहावं म्हणून चुंबक होतं. आठ महिने काकांनी सगळा हॉल मांडला होता तो या चुंबकाच्या उत्तरेवर, आणि ती पंचेचाळीस अंशांनी चुकलेली.

काकांनी त्या रात्री जेवण केलं नाही. वही घेऊन बसले. कारंजं आग्नेयेला नव्हतंच, चक्क पूर्वेला होतं. म्हणजे एवढा सीमावाद फुकट. स्वतः काका पश्चिमेऐवजी नैर्ऋत्येकडे तोंड करून बसत होते आणि सहाच्या आकड्याला ती दिशा संसारसुखाची. काकू मात्र पूर्वेऐवजी ईशान्येकडे. चार आकड्याच्या माणसाला पुस्तकात ईशान्य ही सर्वनाशाची दिशा दिली आहे. हे काकांनी काकूंना सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही जिन्यात, आवाज खाली करून.

“आणि कूलर?” मी विचारलं.

काकांनी वही उलटली. कूलर निघाला वायव्येला. वायव्य म्हणजे वायूची दिशा, हे तर काकूंच्या भावालाही मान्य. घरात एवढी एकच वस्तू कुणालाही न विचारता योग्य जागी बसली होती, कारण ती मिस्त्रीने खिडकी पाहून बसवली होती.

काकूंनी दुसऱ्या दिवशी पार्टिशन गॅलरीत नेऊन त्यावर गाद्या वाळत घातल्या, दार सताड उघडलं आणि आपली खुर्ची टीव्हीकडे वळवली. काकांनी खरं पितळी होकायंत्र मागवलं आहे. ते येईपर्यंत जुनीच मांडणी, तात्पुरती.

तेव्हा मे महिन्यात कधी त्यांच्याकडे जाणं झालं आणि दारात जन्मसाल विचारलं, तर संकोच न करता सांगून टाका. त्यांची बेरीज होईपर्यंत कूलरसमोरची खुर्ची तेवढी धरून ठेवा.