बॉनेटवरची हळद

काळी गाडी घेऊ नकोस, असं मला अकरा जणांनी सांगितलं. घ्याच, असं सांगणारा बारावा माणूस शोरूममधला सेल्समन होता. मी त्याचं ऐकलं.

काळी गाडी शोरूममध्ये आरशासारखी दिसते आणि पुण्याच्या रस्त्यावर आली की फळ्यासारखी. पहिल्याच आठवड्यात मागच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने 'धुवा' एवढंच लिहून ठेवलं. आमच्या शहरात सूचना द्यायला पाटी मिळाली नाही तर लोक काचसुद्धा सोडत नाहीत.

पण खरा धक्का महिन्याभराने बसला. सकाळच्या तिरक्या उन्हात बॉनेटवर बारीक गोल ओरखड्यांचं जाळं चमकत होतं, जणू एखादा कोळी रात्रपाळी करून घरी गेला होता. मी चौकशी सुरू केली. तेव्हा कळलं की ज्या चकाकीला भुलून मी पैसे मोजले, ती रंगाची नसतेच. रंगावर पारदर्शक लॅकरचा एक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात, आणि तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे माझी एवढी मोठी गुंतवणूक एका केसापेक्षाही पातळ पापुद्र्यावर उभी होती. केसांच्या बाबतीत माझं नशीब आधीच आजमावून झालेलं असल्यामुळे मी घाबरलो.

आपल्याकडे आजारी माणसाला आणि नव्या गाडीला सल्ले फुकट मिळतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "भांड्यांचा साबण वापरा. मस्त फेस येतो." तेलकट कढई निघते, तर धूळ का निघणार नाही, हे त्यांचं तर्कशास्त्र. पण कढईचा तेलकटपणा ओढून काढणारा साबण गाडीवरचं मेणही तसंच ओढून काढतो. दुसऱ्या एका हितचिंतकांनी ओरखड्यावर टूथपेस्ट चोळायला सांगितली. मी चोळली. ओरखडा खरोखर दिसेनासा झाला, कारण त्याच्याभोवती तळहाताएवढा मंद डाग पडला आणि ओरखडा त्यात हरवला. टूथपेस्टमध्ये दात घासायची बारीक पूड असते. दाताचं कवच तिला पुरून उरतं, लॅकर नाही.

शेवटी मी गाडीच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथली फळी आणि बायकोचं ड्रेसिंग टेबल यांत फरक एवढाच, की फळीवरच्या बाटल्या मोठ्या होत्या. शाम्पू, कंडिशनर, पॉलिश, मेण, कोटिंग. मेणाचा डबा उचलला तर तो ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचं मेण घेऊन माझ्यासाठी सिंहगड रोडला आला होता. दुकानदाराने तो हातातून काढून घेतला. "मेण जुनं झालं, साहेब. सिरॅमिक करा. नाइन एच हार्डनेस! हिऱ्याच्या खालोखाल."

सिरॅमिक म्हटल्यावर मला लोणच्याची बरणी आठवते. तरी घरी येऊन शोधलं. हा 'एच' हिऱ्याच्या कुळातला निघाला नाही. एलिमेंटरीच्या चित्रकलेच्या परीक्षेला आपण एचबी, टू एच अशा पेन्सिली न्यायचो, तिथला हा एच. कोटिंगवर पेन्सिलीने रेघ ओढायची. नाइन एचच्या पेन्सिलीनेही ओरखडा पडला नाही तर ते पास. त्याचा उपयोग नाही असं नाही, पाणी घरंगळतं, घाण कमी चिकटते. पण हिरा आणि पेन्सिल यांच्यामध्ये बरंच अंतर आहे, आणि तेवढंच अंतर त्याच्या किमतीत आणि माझ्या पगारात होतं.

तेव्हा मी चार बाटल्या घेऊन घरी आलो. चारींवर 'सेफ' लिहिलं होतं. एकीवर 'पीएच बॅलन्स्ड', दुसरीवर 'सर्व पृष्ठभागांसाठी सुरक्षित'. मी जेवणाच्या टेबलावर त्या मांडून चष्मा वर-खाली करत बसलो. बायको म्हणाली, "लग्नाआधी मुलगी बघायला आलास तेव्हा एवढे प्रश्न विचारले नव्हतेस."

आई वाटाणे सोलत होती. तिने विचारलं, "पीएच म्हणजे काय रे?"

मी आम्ल, आम्लारी, शून्य ते चौदा, सात म्हणजे मध्य, असं सगळं समजावलं. तिने शेंग मोडली. "म्हणजे सोड्याचं आहे की नाही, एवढंच ना? मग लेबल कशाला वाचतोस? हळद आण."

माझ्या जुन्या बनियनचा तुकडा तिने हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवला आणि प्रत्येक बाटलीतला एकेक थेंब त्यावर टाकला. शर्टावर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग लाल होतो, हे आपल्या घरात प्रत्येकाने पाहिलेलं असतं. त्याला रसायनशास्त्र म्हणतात हे फक्त मला ठाऊक होतं, आणि उपयोग मात्र तिला सुचला. गाडीच्या शाम्पूचा थेंब पिवळाच राहिला. 'सर्व पृष्ठभागांसाठी सुरक्षित'चा थेंब असा लाल झाला, की बनियनला कुंकू लागल्यासारखं दिसलं. काकांची भांड्यांची वडी उगाळून लावली. लाल. कपड्यांची पावडर, लाल. मी म्हटलं, "पण आई, हळदीला आम्लारी कळतो. आम्ल असेल तर ती पिवळीच राहणार." ती म्हणाली, "ते तू चाटून बघ."

या परीक्षेतून उरलेली शाम्पूची बाटली मी सन्मानाने गाडी पुसणाऱ्या मामांच्या हाती दिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांच्या नकळत खाली उतरलो. मामांकडे एक बादली होती, एक फडकं होतं आणि १४ गाड्या होत्या. माझी बारावी. माझा पीएच बॅलन्स्ड शाम्पू त्या बादलीत पडला तेव्हा तिथे अकरा गाड्यांची माती आधीच हजर होती. मातीत वाळू असते, वाळूत गारगोटी, आणि गारगोटी काचेवरही चरा पाडते. मामा ती फडक्यात गोळा करून माझ्या बॉनेटवर मनापासून, गोल गोल, दाबून फिरवत होते. कोळी सापडला.

यात मामांचा दोष कुठे होता? महिन्याला आम्ही जे देतो, त्यात दुसरी बादली बसत नाही. आणि इतके दिवस मी साबणाची कुंडली बघत होतो. फडक्याची कुणी विचारली होती?

आता रविवारी मी स्वतः धुतो. सावलीत. आधी नुसतं पाणी सोडून माती वाहू द्यायची, हात लावायचा नाही. मग दोन बादल्या: एक साबणाची, एक फडकं खळबळायची. वरून खाली, कारण सगळ्यात जास्त माती खाली असते. मग मायक्रोफायबरने लगेच टिपायचं, नाहीतर आमच्या बोअरचं पाणी क्षारांची पांढरी रांगोळी काढून जातं. मामांना पगार चालू आहे, गाडीला हात न लावण्याचा. ते अधूनमधून विचारतात, "साहेब, माझं काही चुकलं का?" मला उत्तर देता येत नाही.

दसऱ्याला आईने बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं. चाकाखाली लिंबू ठेवलं, झेंडूचा हार घातला आणि ताज्या मेणावर अक्षता टाकल्या. एकेक दाणा पडताना मला चाळीस मायक्रॉन ऐकू येत होते. पण मी गप्प राहिलो. त्या बोटावर हरकत घेण्याइतका कोणताही कोट जाड नसतो.

वर येऊन तिने बेसिनवर हात धुतले. साबण लागताच तिची पिवळी बोटं लालभडक झाली. कडेच्या भेगांमध्ये तर जास्तच. तिने ती माझ्यापुढे धरली. "गाडीचं झालं. हा कुठला आणलास?"

चार बाटल्या तपासणाऱ्याने घरातला हात धुवायचा साबण कधी उलटूनही पाहिला नव्हता. हल्ली मी रात्री त्या साबणांची लेबलं वाचतो आणि बनियनचे तुकडे पिवळे करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना सहज विचारलं, आईच्या हातांसाठी काय आणावं?

ते म्हणाले, "भांड्यांचा वापरा. मस्त फेस येतो."