शेळीचं वनस्पतिशास्त्र

सायकलवरून मांजरसुंब्याचा घाट चढताना झाडाझुडपांचं ज्ञान आपोआप वाढतं. दम लागला म्हणून उतरलो, असं चारचौघांत सांगता येत नाही. पण "अहाहा, तरवड फुलला!" असं म्हणून उतरलं, की त्याचा अभ्यास होतो. माझ्या सोबतीला वनस्पतिशास्त्राचे निवृत्त मास्तर होते. चढावर त्यांना वळणावळणाला दुर्मीळ झाडं दिसत होती. सपाटीवर एकही दिसलं नाही.

भाद्रपदात बालाघाटाचे डोंगर हिरवे असतात. धुळे-सोलापूर महामार्गाच्या कडेला आम्ही ओणवे होऊन दगडी पाला न्याहाळत होतो, तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली.

"काय हरवलंय का?"

"नाही, पाला बघतोय."

"मोजणीवाले हाव का? आमचा गट जातोय का रस्त्यात?"

घाटात कुणी वाकून जमीन बघत असेल तर रस्ता रुंद होणार, याखेरीज दुसरं कारण त्याला पटेना. मास्तरांनी फूल पुढे करून सांगितलं, "हा दगडी पाला." तो खिन्न झाला. "म्हंजे जमीन दगडाची लावणार. मोबदला गेला!"

मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा असलेल्या कपिलधारच्या वाटेला लागलो, तिथे शेळ्या राखणारे मामा भेटले. मास्तर झाडाचं लॅटिन नाव सांगत, मामा लगेच कुळ सांगत. त्यांच्या शास्त्रात कुळं दोनच: शेळी खाती आणि शेळी तोंड लावीत नसती.

"घाणेरी?"

"लावीत नसती."

"काँग्रेस गवत?"

"वास बी घेत नसती."

"सीताफळ?"

"पाल्याला तोंड लावीत नसती."

मास्तर एकदम थबकले. ही तिन्ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली. काँग्रेस गवत तर १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलं आणि पुढे देशभर पसरलं. इथल्या उघड्या माळावर ती टिकली, याचं मोठं श्रेय शेळीच्या नापसंतीला आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सत्कारात शेळीचं नाव कुणी घेतल्याचं ऐकिवात नाही.

पुढे एका वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या. मास्तरांनी सायकल तिथेच आडवी टाकली आणि व्याख्यान उभं केलं. वाळवी ही शेतकरीण आहे. पालापाचोळा आणि लाकूड चावून ती जमिनीखाली वाफे करते, त्यांवर बुरशी वाढवते आणि त्यावर पोट भरते. पावसाळ्यात त्याच बुरशीच्या छत्र्या वर येतात. पीकविम्याचा 'बीड पॅटर्न' देशभर गाजला, पण जिल्ह्यातल्या या सर्वांत जुन्या शेतकरणीने आजवर एक हप्ता भरलेला नाही.

"वारुळावरची अळिंबी लोक खातात," मी आशेने म्हणालो.

"ओळखणारे खातात," मास्तर म्हणाले. "लसूण काळा पडतो का, चांदीचं नाणं काळवंडतं का, या परीक्षा खोट्या. जहाल जातींचं विष शिजवूनही जात नाही, आणि लक्षणं दिसायला सहा ते बारा तास लागतात. तोवर माणूस शेजारी वाटी देऊन आलेला असतो."

मामांनी निकाल दिला, "कुत्र्याची छत्री हाय ती. राहू द्या कुत्र्याला."

आम्ही ती राहू दिली. मांजरसुंब्याच्या चौकात पोचेपर्यंत माझं पुढचं चाक बसलं. पंक्चरवाल्याने टायरवर बोट फिरवलं, चिमट्याने काटा उपसला आणि न बघताच म्हणाला, "सराटा. रस्ता सोडून माळात घातली हुती सायकल. डांबरावर सराटा येत नसतो."

मास्तर भारावले. त्यांनी विचारलं, "किती वनस्पती ओळखता तुम्ही?"

"चार. सराटा, बाभूळ, बोर, हिवर." त्याने ट्यूब पाण्यात दाबली. "पाचवी कुठं घावली तर सांगा सर. तेवढंच गिऱ्हाईक वाढंल."