बॅटरी गेली असन!

पातूरच्या बस स्टँडसमोर एखाद्या जुन्या मोटारसायकलचा हॉर्न घोगरा झाला, इंडिकेटर लुकलुकायचं सोडून नुसताच लाजू लागला, की निदानाला मिस्तरी लागत नाही, बघे पुरतात. पानटपरीवरून निकाल येतो, "बॅटरी गेली असन भाऊ, बदलून टाक." अपील नाही, तारीख नाही. माझं म्हणणं असं, की जुन्या गाड्यांच्या ज्या बॅटऱ्या भंगारात जातात, त्यांतल्या बऱ्याच निर्दोष असतात. हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आहे. खरा चोर सीटखाली किंवा इंजिनाच्या झाकणाआड शांत बसलेला असतो: कधी आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट, कधी कॉइल प्लेट, कधी टर्मिनलवर साचलेली पांढरट-हिरवी भुकटी, आणि पुष्कळदा अर्थचा एक गंजलेला स्क्रू, ज्याला गाडी घेतल्यापासून कोणी विचारलेलंच नसतं.

आता पुरावा. इंजिनाबरोबर मॅग्नेट फिरतो आणि कॉइल प्लेटमध्ये करंट तयार होतो. चुंबकाची ही करामत फॅरेडेने 1831 मध्येच दाखवली होती. त्याला फक्त पातूरचा घाट चढायचा नव्हता. हा करंट उलटसुलट धावणारा. त्याला एका दिशेला लावायचं आणि फाजील झाला तर आवरायचं, हे आरआर युनिटचं काम. त्यानंतर कुठे तो बॅटरीत पोचतो. म्हणजे बॅटरी स्वतः काही कमावत नाही, आलेलं सांभाळते. नळ आला नाही म्हणून कोणी नवा माठ विकत आणत नाही, एवढी अक्कल वऱ्हाडात पाण्याच्या बाबतीत सगळ्यांना आहे. करंटच्या बाबतीत ती कुठे जाते, कळत नाही. त्यातून जुन्या किकवाल्या स्प्लेंडरचा हेडलाइट तर बॅटरीच्या वाटेलाही जात नाही, थेट मॅग्नेटच्या करंटवर जळतो. पेट्रोल वाचवायला मालेगावच्या बाजूने गाडी न्यूट्रल करून रात्री घाट उतरणाऱ्यांना हे माहीत असायला हवं. रेस उतरली की उजेडही उतरतो, आणि नेमका वळणावर. तिथेही शिव्या बॅटरीलाच, जिचा त्या खटल्याशी काडीचाही संबंध नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की "नवी बॅटरी टाकली अन् गाडी झाली ना नीट!" झाली, पण किती दिवस? नवी बॅटरी दुकानातून भरून येते आणि ती पुंजी संपेपर्यंत हॉर्न खणखणीत वाजतो. काही आठवड्यांनी तोच घोगरेपणा परत आला, तर नव्या बॅटरीने रोग बरा केला नव्हता, फक्त लांबवला होता. दुसरे म्हणतात, मिस्तरी नुसत्या कानाने ओळखतो. टॅपेटचा आवाज ओळखत असेल, मान्य. पण व्होल्टला आवाज नसतो. त्यासाठी मीटर लागतो, आणि साधा मीटर बॅटरीच्या निम्म्या किमतीतही येतो. गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, आणि रेस दिल्यावर साधारण 13.5 ते 14.5. रेस देऊनही काटा हलला नाही, तर आधी टर्मिनल घासा, कपलर काढून बघा, अर्थ तपासा, मग आरआर आणि कॉइलकडे वळा. उलट 15 च्या पुढे गेला, तर आरआरने आवरणं सोडलंय. मग बॅटरी उकळते, बल्ब उडतात. वायरचा रंग पाहून माग काढू म्हणाल, तर होंडाच्या घराण्यात हिरवी वायर अर्थची; पण पंधरा वर्षं चार हात फिरलेल्या गाडीत सगळ्याच वायरी टेपच्या काळ्या रंगात एकरूप झालेल्या असतात.

बॅटरी कधीच दोषी नसते, असा माझा दावा नाही. अकोल्याचा उन्हाळा 45 अंश ओलांडतो, त्यात बॅटरीचं पाणी आटतं, आयुष्य घटतं. त्यावर काही महाभाग बोअरचं पाणी ओततात. खारपाणपट्ट्याचं पाणी माणसाला पचत नाही, ते शिशाच्या पट्ट्यांना कसं पचेल? तिथे डिस्टिल्ड वॉटरच हवं. शिवाय ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवूनच गाडी हाकणारे आहेतच. 21 वॅटचा ब्रेकलाइट सतत जळत राहिला, तर 2.5 अँपिअर-तासांची छोटी बॅटरी दीडेक तासात रिकामी करायला तो एकटा पुरतो. यात बॅटरीची चूक काय, पायाची!

आणि "किक मारली की चालते, बॅटरी पायजेच कशाला?" असं विचारणारे तर थोरच. चालते, कारण अशा गाड्यांत ठिणगीचा करंटही मॅग्नेटकडूनच येतो. पण अकोला रोडवर मागून ट्रक येत असताना ब्रेकलाइट आणि हॉर्न दोन्ही मुके असलेली गाडी चालते, याला चालणं म्हणावं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. तेव्हा पुढच्या वेळी कोणी "बॅटरी गेली असन" म्हणालं, तर पाकीट काढू नका. मिस्तरीला म्हणा, आधी मीटर लाव, रेस दे आणि आकडा दाखव.