शेवटच्या नावापर्यंत अण्णा

अण्णांच्या घरी मालिका चालू असताना खुशाल बोला, भाजी निवडा, फोन घ्या. मालिका संपून नावं यायला लागली की मात्र चिडीचूप बसायचं. हल्ली ती नावं मुंगीएवढ्या अक्षरांत आणि मागे पोलीस लागल्यासारखी पळतात, म्हणून अण्णा खुर्ची टीव्हीपासून वीतभर अंतरावर ओढून घेतात. संकलक बदलला की त्यांना कळतं. वेशभूषेवाल्या बाईंचं नाव आठवडाभर दिसलं नाही तर त्यांची तब्येत बरी असेल ना, याचा घोर लागतो. त्याच आठवड्यात नायिकेला सासूनं भर पावसात घराबाहेर काढलेलं असतं, त्याचं अण्णांना काही नाही. ‘ती शुक्रवारी परत येईल,’ एवढंच.

असा एक गृहस्थ बहुधा प्रत्येक सोसायटीत असतो. त्याला समीक्षक म्हणता येत नाही, कारण मालिका चांगली की वाईट हा प्रश्न त्याला पडतच नाही. रसिक म्हणावं तर रडण्याच्या जागी तो रडत नाही, घड्याळात बघतो: जाहिरात चार मिनिटं लांबली.

आमच्या अण्णांचं खरं नाव सोसायटीच्या फलकावर आहे, पण ते कुणी वापरत नाही. २०१९ साली ‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वात अण्णा नाईक अवतरले आणि या संबोधनाची पार रया गेली. जिन्यातली पोरं मालिकेतल्या शेवंताची चौकशी करायला लागली. दुसरा कुणी छत्री उगारून धावला असता. अण्णांनी पोरांना पायरीवर बसवलं आणि सांगितलं, ते काम माधव अभ्यंकर करतात, आणि वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीचा आहे, कधी त्या बाजूला गेलात तर बघून या. पोरांनी नाद सोडला. चिडवायला जावं आणि माहिती घेऊन परत यावं, यात काही मजा नसते.

अण्णांचा मूळ अभ्यासविषय बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’. गीतेवर बोलणारे ढीगभर आहेत, पात्रनिवडीवर बोलणारे अण्णा एकटेच. कुठल्याही लग्नात जेवणाच्या रांगेत ते आपल्या मागे उभे राहिले की सुरुवात ठरलेली. ‘कौरव कोण आणि पांडव कोण, हे कुणी ठरवलं ठाऊक आहे?’ आपण नियती वगैरे काहीतरी पुटपुटतो. ‘शकुनीनं! गुफी पेंटल. शकुनीचं कामही त्यांचं आणि नटांची निवडही त्यांचीच.’ हे खरं आहे, आणि एकदा कळलं की द्यूताचा प्रसंग पूर्वीसारखा बघता येत नाही. पनीर वाढून होईपर्यंत कृष्ण येतो. नितीश भारद्वाज हे शिक्षणानं जनावरांचे डॉक्टर, तेव्हा गाईंनी त्यांचं ऐकलं यात मुरली किती आणि पदवी किती, हा अण्णांचा खुला प्रश्न. मग भीम. प्रवीणकुमार यांनी १९६६च्या आशियाई स्पर्धेत थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलं होतं. हे सांगताना अण्णांच्या हातातली भरलेली थाळी अशी काही हिंदकळते, की पुढचा माणूस आपण होऊन त्यांना वाट करून देतो.

२ ऑक्टोबरला अण्णा पांढरा सदरा घालतात. गांधीजींसाठी असेल असं आम्हाला बरीच वर्षं वाटत होतं. तेही आहेच; पण मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं ते २ ऑक्टोबर १९७२ला, आणि ‘महाभारत’चा पहिला भाग लागला तो २ ऑक्टोबर १९८८ला, रविवारी. एका तारखेला तीन पुण्यकर्मं. त्या दिवशी त्यांना कुणी ‘ड्राय डे आहे ना आज?’ असं विचारलं की त्यांना फार लागतं.

‘सीआयडी’कडे ते उपासना म्हणून बघत नाहीत. तो त्यांचा हिशेबाचा विषय आहे. मालिका २१ जानेवारी १९९८ला सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. तिचे कर्ते बी. पी. सिंग मूळचे मुंबई दूरदर्शनचे कॅमेरामन, हे अण्णा आपल्या माहेरचं कुणी मोठं झाल्याच्या सुरात सांगतात. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा एक भाग मध्ये कुठेही कॅमेरा न थांबवता चित्रित केला आणि त्याची नोंद गिनेसमध्ये झाली. ‘एकशे अकरा मिनिटं! आणि तुम्हाला काय आठवतं? दार.’ मालिकेतल्या इन्स्पेक्टर दयानं तोडलेल्या दारांची अधिकृत नोंद कुणीही ठेवलेली नाही, ही अण्णांना राष्ट्रीय उणीव वाटते. स्वतः त्यांनी एक काळ मोजायला घेतलं होतं, पण एकदा दाराऐवजी खिडकी फुटली आणि ती मोजायची की नाही यावर त्यांचंच त्यांच्याशी जमेना. दार आत उघडणारं की बाहेर, कडी वरची की खालची, प्लायवूड की सागवान, याचा त्यांचा अभ्यास इतका दांडगा झाला की आमच्या मजल्यावर कुणाचं लॅच लागलं तर आधी अण्णांना बोलावतात. ते येतात, दाराकडे सावकाश बघतात आणि सांगतात, ‘किल्लीवाल्याला फोन करा. हे दयाच्यानंही व्हायचं नाही.’

वहिनींचा मामला वेगळा. त्या मालिका पोटातून बघतात. ‘आई कुठे काय करते’मधल्या अरुंधतीसाठी त्यांनी जितके रुमाल भिजवले तितके सख्ख्या नणंदेच्या पाठवणीला भिजवले नव्हते. अण्णा शेजारी बसून हॉस्पिटलचा प्रसंग बघत: ‘अगं, सलाईनची नळी उशीखाली गेलीय. हाताला काही लावलेलंच नाही.’ एवढ्यावर निभावलं असतं. पण ही मालिका बंगालीतल्या ‘श्रीमयी’वरून घेतली आहे हे त्यांना ठाऊक होतं. पुढे तीच गोष्ट हिंदीत ‘अनुपमा’ म्हणून आली, तेव्हा तर ‘एकच बाई तीन भाषांत सोसते आहे’ असं त्यांनी जाहीर केलं आणि बंगाली घराण्यात पुढे काय झालं तेही आमटी वाढता वाढता सांगून टाकलं. वहिनींनी डाव खाली ठेवला. ‘अहो, माझ्या दुःखात तरी मला थोडं मागे राहू द्या,’ असं त्या म्हणाल्या. नंतरचे बरेच दिवस त्या घरात जे संवाद झाले ते फक्त टीव्हीवर झाले.

अशा माणसाचा सुवर्णकाळ साथीत उजाडावा हा योगायोग चमत्कारिक आहे खरा. मार्च २०२०मध्ये सगळं चित्रीकरण बंद पडलं आणि दूरदर्शननं ‘रामायण’, ‘महाभारत’ पुन्हा लावलं. १६ एप्रिलच्या रात्री ‘रामायण’ ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. त्यातले आमच्या इमारतीतले सगळे, बघून झालं की आपापल्या गॅलरीत येत. तिसऱ्या मजल्यावरून अण्णा बोलत. हे सगळं गुजरातेत उंबरगावला उभारलेल्या सेटवर घडलं, हे ऐकून समोरच्या विंगेतली एक आजी म्हणाल्या, ‘म्हणजे डहाणूच्या पुढे लंका?’ अण्णा म्हणाले, ‘आणि अयोध्याही तिथेच.’ आजींना ते पटलं नाही, पण करमणूक झाली. त्या महिन्यांत अण्णांना कुणी ‘पुरे’ म्हणालं नाही. वहिनीसुद्धा आतून चहा पाठवत.

त्यांच्या या वेडाचा सन्मान मी प्रत्यक्ष पाहिला तो चित्रपटगृहात. एप्रिल २०१९मध्ये त्यांच्या नातवाला ‘अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम’ बघायचा होता आणि मोठं माणूस हवं म्हणून आम्ही दोघं गेलो. तीन तास अण्णांना काहीही समजलं नाही. चित्रपट संपला, नावं सुरू झाली, आणि सगळं थिएटर जागच्या जागी बसून राहिलं! एकही जण उठेना. अण्णा थरारले. मान वळवून त्यांनी सगळ्या रांगा पाहिल्या, कॉलेजातली पोरं-पोरी, टोपीवाले, आइस्क्रीमवाले, सगळे नावांकडे डोळे लावून बसलेले. ‘किती संस्कारी पिढी आहे रे,’ ते माझ्या कानात म्हणाले. सुरुवातीला सहा प्रमुख नटांच्या सह्या पडद्यावर उमटल्या तेव्हा, ‘मस्टरवर सही करून गेले बघ,’ असंही म्हणाले. नातवाला खरं काय ते माहीत होतं. या चित्रपटांत नावं संपल्यावर आणखी एक छोटा प्रसंग असतो, आणि पोरं त्यासाठी थांबली होती. त्या वेळी मात्र तो नव्हताच. शेवटी नुसते हातोड्याचे ठोके ऐकू आले आणि दिवे लागले. चारशे पोरं शिव्या घालत उठली. पूर्ण पैसे वसूल झालेला एकच प्रेक्षक होता, आणि तो रंगभूषा विभागाच्या लांबीबद्दल बोलत होता.

मी एकदा त्यांना विचारलं, अण्णा, या सगळ्याचा उपयोग काय? ते रागावले नाहीत. चाळीत असताना शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीनं बसून त्यांनी ‘चिमणराव’ पाहिला होता. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. त्या काळी टेप महाग होत्या, एकीवरचा कार्यक्रम पुसून दुसरा चढवायची रीत होती. दूरदर्शनवरचं कितीतरी असं गेलं. ‘नाटकाचं पुस्तक राहतं, सिनेमाची रिळं निदान डब्यात सडत तरी पडतात,’ अण्णा म्हणाले. ‘इथं कॅमेरा कुणी धरला, दिवे कुणी लावले, सगळं पुसलं. नटाला लोक रस्त्यात ओळखतात. बाकीच्यांचं नाव त्या एका पट्टीत येतं, तीन सेकंद. तेवढं तरी कुणी वाचायला नको?’ मग आपण फार बोललो असं वाटून त्यांनी मला ‘व्योमकेश बक्षी’तला रजित कपूर आणि ‘करमचंद’मधला पंकज कपूर हे एकमेकांचे कोणी लागत नाहीत, हे बजावून सांगितलं. मी कधीच तसं म्हणालो नव्हतो.

‘सीआयडी’ डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा सुरू झाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये एसीपी प्रद्युम्न मारले गेले. वाहिनीनं श्रद्धांजली वाहिली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो आला, त्याखाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली, एका काकांनी तर शिवाजी साटम यांच्या घरच्यांचं सांत्वन केलं. सेक्रेटरींनी अण्णांना विचारलं, तुम्ही दोन शब्द का लिहीत नाही? अण्णा म्हणाले, ‘साटम ठणठणीत आहेत. प्रद्युम्नचं म्हणाल तर या मालिकेत मेलेल्या माणसाची नीट चौकशी केल्याशिवाय मी काही मानत नाही.’ काही आठवड्यांत प्रद्युम्न परत कामावर हजर झाले. ग्रुपवरचे जोडलेले हात अजून तसेच आहेत. त्यात अण्णांचे नाहीत.