शनिवारची गोळी

स्टॉकहोम

ती. बाबा व आई यांस सा. न.

‘मुलांना हात लावायचा नाही, मग वळण लागणार कसं?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. स्वीडनने १९७९ साली मुलांना मारणं कायद्याने बंद केलं. असं करणारा हा जगातला पहिला देश. गंमत म्हणजे त्या कलमात शिक्षाच सांगितलेली नाही (फौजदारी कायदा वेगळा आहेच). सरकारने ही बातमी दुधाच्या खोक्यांवर छापली, म्हणजे आईबाप आणि पोरं यांनी ती एकाच टेबलावर वाचली. आपल्याकडे आजीने पिशवी धुऊन वाळत घालतानाच मजकूर आतल्या बाजूला केला असता.

पण म्हणून हा देश ढिला समजू नका. इमारतीत सगळ्यांची मिळून धुण्याची खोली असते. वेळ आधी नोंदवायची, ती संपायच्या आत कपडे उचलायचे, ड्रायरच्या जाळीत अडकलेले धागे-केस काढायचे. चुकलात तर कुणी ओरडत नाही. दारावर एक चिठ्ठी लागते, अतिशय नम्र, आणि चाळीतल्या नळावरच्या भांडणापेक्षा जास्त झोंबणारी. मुलांचंही तेच. पुष्कळ घरांत गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी. मंगळवारी कितीही गळा काढा, शनिवार अलीकडे सरकत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की इथला कडकपणा वारावर अवलंबून आहे, बापाच्या मूडवर नाही. आपल्याकडे बहुधा नियम एकही नसतो आणि धाक मात्र चोवीस तास. सोमवारी ज्या खोडीवर घर हसतं, तिच्यावरच बुधवारी धपाटा, कारण साहेब ऑफिसात बोलले. त्यातून पोराला वळण लागत नाही, फार तर बापाचा चेहरा वाचता येऊ लागतो.

आई म्हणेल, श्यामच्या आईनेही पोहण्यासाठी शिंपटी घेतलीच होती. खरंय, पण मागाहून जवळ घेऊन कारणही सांगितलं होतं. आपण शिंपटी तेवढी उचलली, समजूत पुस्तकातच राहिली. शाळेतली छडी तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने आपल्याकडेही बंद झाली. घरची अजून शाबूत आहे. आणि स्वीडिश माणसं जन्मतःच मवाळ, असंही नाही हं. या शनिवारच्या नियमामागे लुंडच्या व्हिपेहोल्म संस्थेतले १९४०च्या दशकातले प्रयोग आहेत: तिथल्या मतिमंद रुग्णांना चिकट टॉफ्या चारून त्यांचे दात किडवले गेले, संमती कुणी विचारली नाही. म्हणजे माणसं बदलली ती स्वभावाने नव्हे. दुबळ्यावर चालणारा हात कायद्याने आणि सवयीने आवरायला शिकली. जे इथे जमलं ते साताऱ्यात का जमू नये?

बाकी कुशल. चकल्या पाठवताना वार बघू नका. तिखटाला शनिवारची अट नाही, असं आम्ही दोघांनी मुलांना न विचारता ठरवलं आहे.

तुमचे,
स्टॉकहोमकर