भीतीचा पंचनामा कोण करणार?

आंदोलन पांगलं की सरकारी हिशेब लगेच तयार होतो. किती पोलीस जखमी झाले, किती गाड्यांच्या काचा फुटल्या, किती जणांवर कोणती कलमं लावली. सगळं स्टेशन डायरीत उतरतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. लाठी खाऊन घरी गेलेल्या बाईला त्या रात्री झोप लागली का, तिच्या नातवाने दारातून काय पाहिलं, हे मात्र कुणी लिहून घेत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जवळपास तीस वर्षांत तीन मोठ्या प्रकल्पांसाठी गावागावांत पोलीस उतरवले गेले. तिन्ही वेळा हा रकाना कोरा राहिला.

बारसूचं ताजं आहे, निदान ताजं असायला हवं. एप्रिल २०२३चा शेवटचा आठवडा. आंब्याचा हंगाम ऐन भरात होता, आणि राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षणाच्या गाड्या चढत होत्या. जमावबंदी लागू झाली, जिल्ह्याबाहेरून कुमक आली. भर उन्हात कातळावर बायका आडव्या पडल्या. पोलिसांनी त्यांना ओढून गाड्यांत भरलं. २८ एप्रिलला अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या, लाठ्या चालल्या. लोकांनी पाठीवरचे वळ कॅमेऱ्यासमोर दाखवले आणि सरकारच्या बाजूने सांगण्यात आलं की लाठीमार झालाच नाही.

माझ्या मते त्या आठवड्यातला सर्वांत क्रूर प्रहार हाच होता. वळ पंधरा दिवसांत जातो. पण ज्याने मारलं त्यानेच ‘मी मारलंच नाही’ म्हटलं आणि सगळ्या राज्याने ते ऐकून मान डोलावली, की मार खाल्लेला माणूस स्वतःशीच एकटा पडतो. पुढे तो बोलायचंच टाळतो.

कोकणात अशा वेळी पुढे बायकाच का दिसतात, हेही सांगायला हवं. कर्ती पोरं मुंबईत नोकरीला. गावात घर, काजू-कलमं, गुरं आणि म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या त्या. जमीन गेली तर पहिला घास त्यांचा जातो. ‘यांना कुणीतरी भडकवलं’ असं मुंबईत बसून म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या पडवीत बसून त्यांचं ऐकून घ्यावं.

आता मागे जाऊ. गुहागर तालुक्यातलं वेलदूर, ३ जून १९९७. एन्‍रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाला विरोध करणाऱ्या मच्छीमारांच्या घरांत पोलीस पहाटे घुसले, तेव्हा माणसं झोपेत होती. त्याच वर्षी जुलैमध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने अहवाल काढला. तीन महिन्यांच्या एका गरोदर बाईने न्हाणीघरात लपून कडी लावली होती, पोलिसांनी दार तोडून तिला बाहेर ओढलं आणि पाठीवर लाठ्या मारत गाडीपर्यंत फरपटत नेलं, अशी तिची हकिकत त्यात आहे. आईला बिलगलेल्या दीड वर्षाच्या मुलीला लाथेने दूर लोटल्याचंही तिने सांगितलं होतं. १९९९ साली ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालाने आणखी एक गोष्ट उघड केली: बंदोबस्ताला असलेल्या सरकारी पोलिसांचा खर्च कंपनी देत होती.

पुढे काय झालं पाहा. २००१ साली दाभोळचा प्रकल्प बंद पडला आणि वर्षअखेर एन्‍रॉन दिवाळखोरीत निघाली. प्रकल्पात पैसे अडकलेल्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या कंपन्यांशी २००५ साली तडजोड झाली, त्यांचे पैसे त्यांना मिळाले. कंपन्यांच्या नुकसानीला लवाद होते, वकील होते, करार होते. वेलदूरच्या बाईने भरपाई मागायची तर कुठल्या खिडकीवर उभं राहायचं? ती दीड वर्षाची मुलगी आज तिशीला आली असेल.

नाटे, १८ एप्रिल २०११. जैतापूर अणुप्रकल्पाच्या विरोधात जमाव नाटे पोलीस ठाण्यावर चालून गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मेला. फुकुशिमाची दुर्घटना होऊन जेमतेम महिना उलटला होता. जमावाने ठाण्यावर हल्ला केला, हे पोलिसांचं म्हणणं मी नाकारत नाही. दगड मारणाऱ्यावर खटला चालवा, पुरावा मांडा, शिक्षा द्या. त्यासाठी कायदा आहे. पण रस्त्यावर आडव्या पडलेल्या आजीबाईला दगडफेक्याच्याच मापाने मोजणं कुठल्या कायद्यात बसतं? अणुभट्टी तर आजही उभी राहिलेली नाही.

रत्नागिरी शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी हे एक. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांमधून मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. म्हणजे जिल्ह्यात डॉक्टर आहेत आणि हातात कायदाही आहे. तरीही लाठीमारानंतर एखादं समुपदेशन पथक गावात पाठवावं, हे प्रशासनाला सुचत नाही. पूर आला की ते सुचतं, दरड कोसळली की सुचतं. अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी होते ती अंगावरच्या जखमांची. गाडीचा आवाज आला की दचकणं, झोपेतून ओरडत उठणं, खाकी दिसली की पोराने आईच्या पदरामागे लपणं, याला त्या कागदावर जागा नाही. मानसोपचारतज्ज्ञ ही लक्षणं चांगली ओळखतात, ती वर्षानुवर्षं टिकतात हेही त्यांना ठाऊक आहे.

महाराष्ट्राने २०१३ साली मनोधैर्य योजना आणली. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला सोसलेल्यांना आर्थिक मदत आणि मानसिक आधार देणारी. चांगली योजना. अत्याचाराने मन मोडतं आणि ते उभं करणं सरकारचं काम आहे, हे तिने मान्य केलं. मग अत्याचार करणारा हात सरकारचाच असला की हे तत्त्व का लागू होत नाही?

दाद मागायची वाटही अरुंद. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१नुसार कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर सहा महिन्यांच्या आत खटला भरावा लागतो. दोन वर्षांची मुदत हवी तर राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. ज्याच्या मनावर आघात झालाय, त्याला तोंड उघडायलाच सहा महिने पुरत नाहीत. तोवर त्याच्यावरच्या गुन्ह्याच्या तारखा सुरू झालेल्या असतात. मुंबईतल्या कामाचा खाडा करून तो राजापूरच्या कोर्टात येतो. पोराने नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा अर्ज केला की आंदोलनातला गुन्हा पुन्हा समोर येतो. एका सकाळच्या घटनेची शिक्षा घर वर्षानुवर्षं भोगतं.

इथे पोलीस शिपायाबद्दलही बोललं पाहिजे. परजिल्ह्यातून आणलेला, उन्हात तासन्‌तास उभा, समोर आईच्या वयाची बाई. हुकूम वरून येतो, शाप त्याला मिळतो. त्याच्याही मनाची विचारपूस खातं करत नाही.

डिसेंबर २०१९मध्ये उद्धव ठाकरे सरकारने याच रिफायनरीच्या आधीच्या जागेवरच्या, नाणारच्या आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली होती. पुढे जानेवारी २०२२मध्ये त्याच मुख्यमंत्र्यांनी बारसूची जागा सुचवणारं पत्र पंतप्रधानांना पाठवलं, हे खरं. पण एका सहीने गुन्हे मागे घेता येतात, हे त्या घोषणेने दाखवून दिलं. ती सही बारसूसाठी करा. मनोधैर्यची व्याप्ती वाढवा. कलम १६१ची मुदत बदला. बळाचा वापर झालेल्या प्रत्येक गावात महिन्याभरात आरोग्य पथक पाठवणं जिल्हाधिकाऱ्यांवर बंधनकारक करा. प्रकल्प हवा की नको, यावर आपले हजार मतभेद असोत. यातल्या एकाही मागणीसाठी ते मिटायची गरज नाही.

छळाविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. वेलदूरच्या त्या पहाटेला तेव्हा चार महिने झाले होते. तो करार संमत करून कायद्यात उतरवणं अजून बाकी आहे.