घटक, उतरत्या क्रमाने

डॉक्टर रक्तदाब मोजताना फक्त ‘मीठ जरा कमी करा’ एवढंच म्हणाले होते. स्वतःचं मीठ कमी करण्यापेक्षा इतरांचं मीठ मोजणं सोपं, असं माझ्या लगेच लक्षात आलं. लोणचं, पापड, फरसाण यांच्या वाटेला जायची माझी हिंमत नव्हती. लोणचं हिच्या माहेरचं, पापड माझ्या बहिणीकडचे आणि फरसाण माझं स्वतःचं. राहता राहिली मुलीने आणलेली पास्ता सॉसची बाटली. तिची बाजू घ्यायला घरात कुणी नातेवाईक नव्हतं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, हा नियम कळल्यापासून मी मतमोजणीला बसल्यासारखा लेबलं वाचतो. इथे पाणी आघाडीवर होतं, टोमॅटो पेस्ट दुसरी आणि साखर तिसरी. बाहेरच्या चित्रात मिरवणाऱ्या बेझिलचं यादीत मात्र डिपॉझिट जप्त झालेलं, ते मिठाच्याही खाली.

मग आकडे. 100 ग्रॅमला 480 मिलिग्रॅम सोडियम. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे 1.2 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते.

“बाटली 350 ग्रॅमची. म्हणजे चार ग्रॅमच्या वर मीठ!” मी जेवणाच्या टेबलावर निकाल जाहीर केला.

“बाबा, ती बाटली आपण तिघं मिळून खातो.”

“दोघी मिळून. मी आजपासून बंद.”

लेबलवर घटकांच्या यादीत शेवटी नंबरांची रांग होती : 1422, 415, 330. पहिला स्टार्चवर प्रक्रिया करून केलेला, दुसरा झॅन्थन गम. सॉस दाट राहावा, त्याला पाणी सुटू नये म्हणून हे दोघं असतात. 330 कोण, हे बघायची मला गरजच वाटली नाही. ज्याला नाव सोडून नंबर लावावा लागतो, तो काय लायकीचा असणार! शुद्ध सॉस मी घरीच करणार, अशी घोषणा झाली.

मंडईतून चार किलो टोमॅटो आणले. टोमॅटोत सुमारे 95 टक्के पाणी असतं, ही माहिती गॅसपाशी उभं राहिल्यावर फार सावकाश पटते. पातेलं तळाकडे सरकत होतं आणि टोमॅटो भिंतीवर चढत होता. चव घेतली तर आंबटढाण. मी साखर घातली. लेबलवरची साखर ‘ॲडेड शुगर’ होती. माझी ‘चवीपुरती’ होती. मीठ अंदाजाने घातलं. टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर आणि तेलाच्या संगतीत अंगी लागतं, हे शास्त्र समजावून सांगता सांगता तेलाची बुधली निम्मी झाली. तरी सॉस पास्त्यावरून घरंगळून बशीच्या कडेला जमत होता. हिने न बोलता वाटीभर कॉर्नफ्लोअर कालवून ओतलं. ‘हे वेगळं’ असं म्हणून मी नजर दुसरीकडे वळवली.

“अहो, चिमूटभर लिंबूफूल घालू का?”

“केमिकल नको!”

“ढोकळ्यात घालते तेव्हा तीन-तीनदा मागून घेता.”

मुलीने पाकिटावरचं वाचलं : सायट्रिक ॲसिड. फोनवर शोधलं : 330. बोट्युलिझमचे जंतू वाढू नयेत म्हणून असल्या सॉसचा पीएच 4.6 च्या खाली ठेवतात. पिकलेला टोमॅटो कधी कधी नेमका त्या रेषेपाशी घुटमळतो, म्हणून 330 पहाऱ्याला असतो. हे सगळं तिने मोठ्याने वाचून दाखवलं. पण माझी घोषणा आधी झाली होती, आणि घोषणा मागे घ्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

सॉसच्या दोन बाटल्या भरल्या. एक हिने परस्पर फ्रीजमध्ये टाकली. दुसरी मी फडताळात मांडली, कारण दुकानातली बाटली महिनोन्महिने बाहेरच तर उभी असते. ती गरम असताना भरतात, हवाबंद करतात, उष्णता देऊन जंतू मारतात, हा तपशील मला गौण वाटला होता. मी बाटली विसळून घेतली होती. काही दिवसांनी मध्यरात्री झाकण उडालं. सॉस आंबून फसफसला होता. त्यातला बराचसा छताने चाखला.

“दुकानातली बाटली पोटात काय आहे ते छापून तरी मोकळी होते,” छताकडे बघत ही म्हणाली. “तुमच्या ‘अंदाजाने’ला अडीचने गुणून दाखवा बरं.”

मला गुणता येईना. सकाळी फ्रीजमधल्या बाटलीवर मुलीच्या अक्षरातलं लेबल होतं : ‘घटक : टोमॅटो, तेल, साखर, कॉर्नफ्लोअर, मीठ (बाबांनाच माहीत). एका वेळचं प्रमाण : कुणी घेतलेलं नाही. ॲलर्जीविषयक सूचना : यात सल्ल्याचे अंश असू शकतात.’

मी तिथल्या तिथे हरकत घेतली. अंश कसले? वजनाच्या उतरत्या क्रमाने लावलं, तर सल्ला टोमॅटोच्याही वर यायला हवा होता.